पाच वर्षांच्या लेकराने काय पाहावे?

दसऱ्याच्या आसपास वाशीम जिल्ह्यातल्या गावांत दुपारची घरं रिकामी असतात. सोयाबीनची सोंगणी चालू असते. अब्बा वावरात, अम्मीही पुष्कळ घरांत वावरात नाहीतर रोजाने गेलेली, मोठी मुलं शाळेत. घरी उरतात दादी आणि अंगणवाडीतून परत आलेली दोन-तीन लेकरं. दादीचे गुडघे दुखतात, पोरांच्या मागे धावणं होत नाही. मग टीव्ही लागतो, नाहीतर घरातला जुना मोबाइल हातात येतो आणि तीन-चार तास सगळं शांत. मंगरूळपीर, कारंजा, रिसोड, मालेगाव, मानोरा, कुठेही जा, चित्र थोड्याफार फरकाने हेच. वाशीम शहरात आई-वडील दोघंही नोकरी करणारे असतील तर त्याला सोंगणीच्या हंगामाचीही गरज नाही, बाराही महिने हेच चालतं.

यात दादीचा काही दोष नाही. तिने तिच्या वाट्याचं सगळं केलेलं आहे. प्रश्न एवढाच की त्या तीन-चार तासांत काय चालू असतं, आणि ते कोणी निवडलेलं असतं.

आपल्या घरांत निवड होते तेव्हा बहुधा दोन गोष्टी पाहिल्या जातात. यात काही बेशरमी तर नाही ना, आणि दीनविरुद्ध काही नाही ना. दोन्ही पाहायलाच हव्यात. पण तीन, पाच, सात वर्षांच्या मुलासाठी तेवढं पुरत नाही. या लेकराला यातलं काय कळेल? ते कशाला घाबरेल? उद्या सकाळी उठून काय करून पाहील? हे तिन्ही प्रश्न आपण क्वचित विचारतो, आणि ज्याच्यावर आपल्या ओळखीचं नाव लिहिलेलं असतं त्याच्याबाबत तर मुळीच विचारत नाही.

आधी सरकारी शिक्क्याबद्दल. चित्रपटांना केंद्रीय फिल्म प्रमाणन मंडळ प्रमाणपत्र देतं, ते 1952च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार. ‘यू’ म्हणजे सर्वांसाठी, ‘ए’ म्हणजे फक्त प्रौढांसाठी. मधला ‘यूए’ वर्षानुवर्षं बारा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांच्या सल्ल्याने, असा होता. 2023च्या दुरुस्तीने त्याचे तीन भाग झाले: यूए 7+, यूए 13+ आणि यूए 16+. पैसे भरून घेतलेल्या ओटीटी ॲपवरच्या मालिकांना आणि चित्रपटांनाही 2021च्या नियमांपासून याच वयोगटांची खूण लावावी लागते, आणि 13+ व त्यापुढच्या मजकुरासाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय द्यावी लागते. हे चांगलंच झालं. आता नव्या चित्रपटाच्या प्रमाणपत्रावर वयाचा आकडा वाचायची सवय आपण लावून घ्यायला हवी.

पण आपली लहान मुलं प्रत्यक्षात काय पाहतात? कार्टून चॅनल आणि यूट्यूब. टीव्हीवरची मालिका किंवा कार्टून दाखवण्याआधी असं प्रमाणपत्र घ्यावं लागत नाही. चॅनलने सरकारची कार्यक्रम संहिता पाळायची असते आणि तक्रार झाली तर पुढे चौकशी. यूट्यूबवर कोणीही टाकलेल्या व्हिडिओला तर असा शिक्काच नाही. म्हणजे सर्वांत लहान प्रेक्षक जे सर्वांत जास्त पाहतो, नेमकं त्यावर कोणीही आधी नजर टाकलेली नसते.

‘कार्टून आहे, म्हणजे लहानांचंच असणार’ हा समजही तपासून पाहावा. शिनचॅन घ्या. ही मूळ चित्रकथा जपानमध्ये 1990 साली मोठ्या पुरुष वाचकांच्या साप्ताहिकात सुरू झाली. आई-वडिलांना उलट बोलणं, नको ते चाळे, हा सगळा विनोद मोठ्यांसाठी होता. 2008 मध्ये भारतात त्यावर काही काळ बंदीही आली होती. आपल्याकडे पाच वर्षांची मुलं ते पाहतात आणि पाहुण्यांसमोर तसंच बोलतात, मग मार खातात. मार खाताना त्यांना कळतही नाही की मघाशी ज्याला घरातले सगळे हसले त्याच वाक्याला आता काय झालं.

लहान मूल पाहिलेलं करून बघतं, हे आपल्या दाद्या-नान्यांना कोणी सांगावं लागत नाही. तरी एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. 1961 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्बर्ट बांडुरा यांनी बालवाडीतल्या मुलांसमोर एका मोठ्या माणसाला हवा भरलेल्या बाहुलीला मारायला लावलं. नंतर मुलांना त्याच बाहुलीबरोबर खेळायला सोडलं, तर त्यांनी तसंच मारलं. काहींनी तर मारताना तेच शब्द वापरले. 1963 मध्ये त्यांनी हेच पडद्यावर आणि कार्टूनसारख्या रूपात दाखवून पाहिलं. परिणाम तसाच. आपल्याकडे 1997 मध्ये दूरदर्शनवर शक्तिमान सुरू झाला तेव्हा मुलं त्याच्यासारखं उडायला जातात अशा बातम्या येऊ लागल्या, आणि मुकेश खन्ना यांना कार्यक्रमातच मुलांना समजवावं लागलं. त्या वेळी दहा वर्षांचे असलेले आज चाळिशीच्या जवळ आहेत. ज्यांनी तेव्हा गोल गोल गिरक्या घेतल्या असतील त्यांनी आपल्या मुलांकडे पाहताना ते आठवावं.

भीतीचं गणित थोडं वेगळं आहे. मोठ्यांना काय होईल याची भीती वाटते, लहानांना काय दिसतं याची. जोआन कँटर या अमेरिकी अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘इन्क्रेडिबल हल्क’ या मालिकेबाबत मुलांना आणि पालकांना विचारलं होतं. त्यातला नायक चांगला माणूस. राग आला की हिरवा राक्षस होतो आणि लोकांना वाचवतो. मोठ्यांना तो मदतीला आलेला दिसतो. चार-पाच वर्षांच्या मुलांना मात्र तो बदलणारा चेहराच सर्वांत जास्त घाबरवत होता. तो चांगला की वाईट, हा हिशेब त्या वयात चेहऱ्याच्या पुढे जात नाही. म्हणूनच ‘लायन किंग’सारख्या मुलांसाठी बनवलेल्या चित्रपटात सिंहाच्या छाव्यासमोर त्याचा बाप मरतो, तो प्रसंग काही लेकरांना झोपू देत नाही. आपण म्हणतो, अरे कार्टूनच आहे. त्याच्यासाठी तो बापच असतो.

आता आपल्या नावाच्या गोष्टी. 2020च्या रमजानमध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, तुर्की मालिका ‘एर्तुग्रुल’ उर्दूत आली आणि आपल्या कितीतरी घरांत इफ्तारनंतर सगळं कुटुंब मोबाइलभोवती जमू लागलं. घोडे, कबिला, अजान, न्यायाची बाजू घेणारा सरदार. मोठ्यांना ते का आवडलं हे समजण्यासारखं आहे. पडद्यावर आपल्यासारखं नाव असलेला माणूस खलनायक नाही हे पाहायला कोणाला आवडणार नाही? पण त्याच मालिकेत तलवारीने मान उडवणं, छळ, विश्वासघात, रक्त हे भागामागून भाग येतं, आणि तुर्कीत ती 2014 ते 2019 अशी पाच पर्वं चालली. त्यात सलाम होतो, दुआ होते, म्हणून ती चार वर्षांच्या मुलीसाठी योग्य ठरत नाही. तिला कबिला कळत नाही, मंगोल कळत नाहीत. तिला तलवार कळते.

मुस्तफा अक्कद यांचा 1976 सालचा ‘द मेसेज’ हा चित्रपटही असाच. प्रेषितांचं (स.) रूप कुठेही न दाखवता, अदबीने बनवलेला. अकरा-बारा वर्षांच्या मुलाबरोबर बसून तो पाहावा आणि नंतर बोलावं. पण त्यात हजरत सुमय्या (रजि.) यांची शहादत आहे, उहुदच्या रणात हजरत हमजा (रजि.) यांचं शहीद होणं आहे. या गोष्टी सहा वर्षांच्या मुलाला अम्मीच्या तोंडून, अम्मीच्या शब्दांत आधी कळाव्यात. सांगताना अम्मी त्याचा चेहरा पाहते आणि कुठे थांबायचं ते ठरवते. पडदा थांबत नाही.

याहून अवघड गोष्ट अम्मी-अब्बांच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये आहे. ऑक्टोबर 2023 नंतर गाझातली दृश्यं आपल्या जवळजवळ प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर येत राहिली. ढिगाऱ्याखालची, कफनातली मुलं. मोठ्यांनी ती पाहावीत की नाही हा ज्याचा त्याचा विचार आहे. पण पाच वर्षांचं मूल मांडीवर असताना ती उघडू नयेत. त्याला गाझा किती दूर आहे ते माहीत नाही. त्याच्यासाठी ते मंगरूळपीरच्या पुढचं गावही असू शकतं. घरावर काहीतरी पडतं आणि त्याच्याएवढी मुलं मरतात, एवढंच त्याच्या हाती लागतं. त्याने विचारलं तर ‘दूरच्या एका मुलखात लोकांवर जुलूम होतोय, आपण त्यांच्यासाठी दुआ करू’ एवढं पुरे. दृश्य लपवलं म्हणजे आपण बेपर्वा झालो असं कोणी समजू नये.

रात्रीच्या बातम्यांचंही तसंच. काही चॅनलवरच्या आरडाओरड्याच्या चर्चेत आपल्याच समाजाचं नाव ज्या सुरात घेतलं जातं तो सूर मूल शब्दांआधी ओळखतं. घरातले मोठे चिडून पाहतात, दादाजान टीव्हीलाच उत्तर देतात, आणि कोपऱ्यात गृहपाठ करणारी सात वर्षांची मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेत मैत्रिणीशेजारी बसताना थोडी आवरून बसते. बातम्या पाहायच्या तर मुलं झोपल्यावर पाहाव्यात, किंवा वर्तमानपत्र वाचावं. कागद ओरडत नाही.

किती वेळ, याचं उत्तर सोपं आहे, पाळायला अवघड. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलं की दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाला एक तासाहून जास्त पडद्यासमोर बसू नये, त्याहून कमी तर आणखी चांगलं. आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन वर्षांखाली काहीच नको म्हणते. सूट फक्त नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलला. आखातात किंवा पुण्यात कामाला असलेल्या अब्बांचा चेहरा पाहणं त्यात मोजायचं नाही, हे ऐकून बऱ्याच अम्मींना हायसं वाटेल. जेवताना मात्र मोबाइल नकोच. व्हिडिओशिवाय घास न घेणारं मूल पोट भरलं की नाही हेच विसरतं.

मग दाखवायचं काय? पाच वर्षांखालच्या मुलाला तास-दोन तासांचा चित्रपट दाखवायची गरजच नाही. त्याच्यासाठी छोटं, संथ, एका वेळी एकच गोष्ट सांगणारं असावं. 1969 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘सेसमी स्ट्रीट’चं भारतीय रूप ‘गली गली सिम सिम’ 2006 पासून आलं. अक्षरं, अंक, हात धुणं, भांडण मिटवणं या गोष्टी ते त्या वयाच्या वेगाने सांगतं. मलेशियाचं ‘उपिन आणि इपिन’ 2007 मध्ये मुलांना रमजान समजावा म्हणून सुरू झालं. जुळे अनाथ भाऊ, त्यांची दादी आणि मोठी बहीण. गावातल्या मित्रांत एक चिनी मुलगी, एक शीख मुलगा आणि एक राजू नावाचा मुलगाही आहे. भाषा आपली नाही, पण दादीकडून रागावून घेणं कुठल्याही भाषेत समजतं. मलेशियाचंच ‘उमर आणि हाना’ आपल्या घरांत आता पोहोचलं आहे. बिस्मिल्लाह म्हणून जेवणं, सलाम करणं, असे त्याचे विषय आहेत. त्यात गाणी भरपूर आहेत, तेव्हा ज्यांच्या घरी संगीत टाळलं जातं त्यांनी आधी ऐकून ठरवावं. आणि ते दीनी आहे म्हणून दोन तास चालवलं तर एक तासाचे दोन झालेच.

सहा-सात वर्षांपुढे मात्र एक चित्रपट मी प्रत्येक घराला सुचवेन. माजिद मजिदी यांचा 1997 सालचा इराणी चित्रपट ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’. अली नावाचा मुलगा बहिणीचे दुरुस्त करून आणलेले बूट हरवतो. घरी पैसे नाहीत, सांगायची हिंमत नाही, म्हणून बहीण जहरा सकाळी आणि तो दुपारी एकाच जोडीवर शाळेत जातात. यात मारामारी नाही, खलनायक नाही. त्यातला एक छोटा प्रसंग पाहताना सगळ्या घराने शांत बसावं. अलीचे वडील मशिदीसाठी साखरेचे खडे फोडत बसलेले आहेत. जहरा चहा आणते. त्यांना साखर हवी असते. समोर ढीग पडलेला, पण ती साखर मशिदीची, घरच्या चहात घालायची नाही. अमानत या शब्दावर तासभर बयान करून मुलाच्या जे लक्षात राहणार नाही ते इथे एका कप चहात राहतं. संवाद फारसीत आहेत. मूल मांडीवर घेऊन आपणच मराठीत नाहीतर घरच्या बोलीत सांगत जायचं. त्यामुळे दाखवणाऱ्याला उठून जाता येत नाही, हा मला त्याचा फायदाच वाटतो. 2010 मध्ये यावरून हिंदीत ‘बम बम बोले’ निघाला, पण मूळच पाहावा.

अब्बास किआरोस्तमी यांच्या 1987 सालच्या ‘व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस?’मध्ये एका मुलाच्या दप्तरात चुकून मित्राची वही येते. उद्या वहीत गृहपाठ नसला तर मास्तर त्याला शाळेतून काढतील, म्हणून तो ती परत करायला दुसऱ्या गावी धावत जातो. चित्रपट फार संथ आहे. कार्टूनला सोकावलेलं मूल दहा मिनिटांत उठेल. उठू द्यावं, सहा महिन्यांनी पुन्हा लावावा.

आपल्या मराठीतही आहे. मंगेश हाडवळे यांचा ‘टिंग्या’ 2008 मध्ये आला. जुन्नरकडच्या एका गरीब शेतकऱ्याच्या मुलाचा लाडका बैल जायबंदी होतो, आणि कर्जात बुडालेला बाप त्याला कसायाला विकायचं ठरवतो. त्याच वेळी शेजारच्या रशिदाची आजारी नानी अंथरुणावर असते. म्हाताऱ्या माणसावर इलाज होतो, मग माझ्या बैलावर का नाही, हा टिंग्याचा प्रश्न. मला इथे रशिदाबद्दल बोलायचं आहे. ती शेजारची मुलगी आहे, बस. टिंग्याबरोबर खेळते, मराठी बोलते, तिच्या घरचं दुःख त्याचं दुःख होतं. दहशतवादी नाही, कव्वाल नाही, कोणाला एकोपा शिकवायला आणलेली नाही. आपल्या मुलींनी पडद्यावर अशी रशिदा किती वेळा पाहिली आहे? नानीचं आजारपण आणि बैलाचं जाणं दोन्ही जड आहे, म्हणून आठ वर्षांखाली नको. त्यापुढच्या मुलांबरोबर मात्र ईद-उल-अजहाच्या आधी पाहायला हरकत नाही. दारात बांधलेल्या बकऱ्याला नाव ठेवून बसलेल्या मुलाच्या मनात जे असतं ते विचारायला त्यातून वाट मिळते.

2018चा ‘नाळ’ आपल्या विदर्भाचा. त्यातला चैत्या आपल्या मुलांसारखंच बोलतो, आणि पडद्यावरचं मूल आपली बोली बोलतंय हे पाहून वाशीमचं मूल वेगळ्याच तऱ्हेने सरसावून बसतं. विषय मात्र असा की आपण दत्तक आहोत हे त्या मुलाला कळतं. घरी एखादं मूल नातेवाइकांचं सांभाळलेलं असेल तर मोठ्यांनी तो आधी एकट्याने पाहावा.

आधी एकट्याने पाहणं, हे खरं तर सगळ्यालाच लागू आहे. अख्खं पाहायला वेळ नसेल तर सुरुवात, मधली दहा मिनिटं आणि शेवट. यूट्यूबवरच्या ओळखीच्या चेहऱ्यावर विसंबू नये. मुलांच्या लाडक्या कार्टून पात्रांचे चेहरे वापरून हिंसक, किळसवाणे व्हिडिओ बनवले जात असल्याचं 2017 मध्ये उघड झालं आणि कंपनीला ते मोठ्या संख्येने काढावे लागले. आपोआप पुढचा व्हिडिओ लागण्याची सोय सेटिंगमध्ये बंद करता येते. मुलांसाठीच्या यूट्यूब किड्स ॲपमध्ये वयोगट निवडता येतो, वेळ लावता येते, आणि आपण मंजूर केलेलंच दिसेल असंही ठरवता येतं. डीटीएचच्या डब्यात चॅनलला कुलूप लावता येतं. पिनचा आकडा मात्र नऊ वर्षांच्या भाईजानला कळू देऊ नये.

राहिली दुपार, दादी आणि सोंगणी. दादीला सेटिंग शिकवण्यापेक्षा जुन्या मोबाइलमधलं सिमच काढून ठेवावं, वायफाय असेल तर तेही बंद. रात्री अम्मीने स्वतःच्या आवाजात हजरत युनूस (अ.) आणि माशाची गोष्ट सांगताना रेकॉर्ड करावी. एक दिवस अब्बांनी बैलबाजाराची सांगावी, एक दिवस खालाने शाळेतली. दहा-दहा मिनिटांच्या अशा चार-पाच गोष्टी त्या मोबाइलमध्ये असल्या की दुपारी दादीला एकच त्रिकोणी बटण दाबावं लागतं. संपलं की ते आपोआप बंद पडतं, पुढचं काही लागत नाही. मग लेकरं म्हणतात, दादी, अब तुम सुनाओ.